न सांडलेला पेला

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. दोनच माणसे बसतील अशा एका ठेंगण्या, लाल स्पोर्ट्स कारच्या पुढच्या चाकाजवळ मी राहते. गाडीखाली वाकून कोणी बघत नाही, म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते.

तापलेल्या पोलादी सळईला वेटोळे घालून मला घडवले. काम साधे होते. धक्का पोटात घ्यायचा आणि त्यातला थोडासा वर पोचवायचा. त्या थोड्याशावरून आमचे मालक रस्ता ओळखत. डोंगरातल्या वळणावर गाडी जराशी कलली, की ते लाडाने म्हणत, "कळलं गं बाई, कळलं," आणि वेग कमी करत. घरात मोजकेच बोलणारा हा माणूस आमच्याशी मात्र गप्पा मारी. मला त्याचा भारी तोरा होता.

मग मालकांच्या पाठीचे ऑपरेशन झाले. धक्के बसता कामा नयेत, असे डॉक्टरांनी बजावले. गाडी विकायची वेळ आली. पण त्यांची लेक मोटारींची इंजिनिअर. ती म्हणाली, "विकायची कशाला? बाबा, तुम्ही नुसते बसा. मी सगळं बघते."

तिने आम्हा चौघी बहिणींना काढून फळीवर ठेवले आणि आमच्या जागी ॲक्टिव्ह सस्पेन्शन बसवले. खड्डा आला की ही यंत्रणा आपणहून चाक उचलते, आणि वळणावर गाडीला कलू देत नाही. परीक्षा म्हणून लेकीने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला गाडीत ठेवला. फेरी मारून आली, तरी थेंब सांडला नव्हता. तिचा आनंद गगनात मावेना. फळीवर माझे तोंड एवढेसे झाले.

दुसऱ्या दिवशी मालक गाडी घेऊन गेले आणि लगेच परतले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाठ दुखली?" लेकीने विचारले.

"नाही गं. पाठीला काही कळलंच नाही. मलाही नाही. वळणात काट्याकडे नजर गेली तेव्हा वेग दिसला, आणि धस्स झालं."

"पण पेला तर सांडला नाही, बाबा."

"पेल्याला बरं वाटलं असेल. विकून टाक गाडी."

लेक खट्टू झाली. चाकाशी जाऊन बसली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला काय हवंय, हे मी विचारलंच नाही ना?"

"पाठ सांभाळ माझी. पण वळण माझं मला कळू दे."

लेकीने फळीवरून आम्हाला उतरवले, धूळ पुसली आणि पुन्हा चाकांशी बसवले. सोबतीला संगणकावर चालणारे नवे शॉक ॲब्सॉर्बर दिले. मोठा धक्का त्यांनी जिरवायचा, वळणावर कलायचे ते आम्ही. आधी मला त्यांचा राग आला, पण पोरे कामाची निघाली.

मालक चालवायला बसले. शेजारी लेक, हातात तोच पेला. खड्डा आला, पाणी नुसते हलले. मग वळण आले. मी दबले, गाडी कलली आणि पाणी लेकीच्या मांडीवर सांडले.

"कळलं गं बाई, कळलं," मालक म्हणाले. ओल्या कपड्यांनी लेक हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मित्रांनो, अधूनमधून वाकून आमच्यावरचा चिखल पुसत जा. आणि आपल्या माणसांना जरूर जपा, त्यांचे खड्डे चुकवा. वळण मात्र त्यांचे त्यांना घेऊ द्या.