एकोणिसावी फ्लॉपी

अठरावी फ्लॉपी बाहेर आली, तेव्हा नणंदेने तिसऱ्यांदा विचारलं, "वहिनी, झालं का तुझं? चहा गार झाला."

"एक राहिली."

"तिच्यावर 'रिकामी' लिहिलंय. मला चष्म्याशिवाय दिसतंय."

"लिहिलंय खरं."

तिने ती उजेडाकडे धरली. अक्षर नवऱ्याचंच होतं. पण इस्पितळाच्या औषधालयात तिने बत्तीस वर्षं औषधं तोलली होती. बाटलीवरची चिठ्ठी वाचायची आणि तरीही झाकण काढून बघायचं, हे हाताला लागून गेलं होतं. तिने फ्लॉपी आत सरकवली.

नवरा टेलिफोन खात्यात होता. तरुणपणी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर हा मेसेजांचा बोर्ड सुरू केला. लोक आपापल्या घरून फोन लावत, त्यांचा कॉम्प्युटर याच्याशी जोडला जाई, मग पडद्यावरचे मेसेज वाचायचे, आपले लिहायचे आणि पुढच्यासाठी लाइन मोकळी करायची. जग कुठच्या कुठे गेलं, त्याने तेच यंत्र धरून ठेवलं. शेवटच्या दुखण्यात त्याने तिला एकच काम शिकवलं. संध्याकाळी सहा वाजता दिवसभराचे मेसेज फ्लॉपीवर उतरवायचे. तीन बटणं. "एवढं तरी जमेल ना?" तो म्हणाला होता. त्याला जाऊन अकरा महिने झाले, तिने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती.

फोन करणारे सात जण उरले होते. बोर्डावर सगळे टोपणनावानेच येत. त्यांतला कप्तान म्हणजे नवऱ्याचा सगळ्यात जुना मित्र. फ्लॉप्या बदलताना वहिनींचे हाल होतात म्हणून त्यानेच पार्सलने ही मेमरीची पेटी पाठवली होती. तळहाताएवढी, यंत्राच्या पाठीत खोचायची. सगळ्या फ्लॉप्या तिच्यात एकदा ओतल्या की काहीही क्षणात समोर. अट एकच, यंत्र बंद झालं की पेटी कोरी. म्हणजे सहाचं काम काही सुटत नव्हतं.

तिला पेटी हवी होती ती वेगळ्याच कारणासाठी, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा घरात मोजकं बोलायचा, इथे मात्र रोज तास न् तास लिहायचा. एवढ्या लिहिण्यात आपल्याबद्दल एखादी ओळ असेल, ती तिला वाचायची होती. फ्लॉप्या बदलत शोधायचं तर आठवडा गेला असता. अठरावी भरल्यावर तिने 'बायको' हा शब्द शोधायला दिला होता. उत्तर लगेच आलं. शून्य.

एकोणिसावी घरघरली, अडखळली, पुन्हा फिरली. शेवटी वाचली गेली. बाहेर काढली तेव्हा चकतीवर लांब चकचकीत ओरखडा होता. ती आता परत वाचली जाणार नव्हती. पडद्यावर इतके दिवस आठ खोल्यांची, म्हणजे मेसेजच्या विभागांची, यादी असायची, तिच्याखाली नववी आली. 'घरची बातमी'.

तिने पुन्हा 'बायको' शोधलं. एक.

नवऱ्याने बाकीच्यांना लिहिलं होतं, "बायको काय म्हणता, तराजू म्हणा."

मग तिने 'तराजू' शोधलं. सहाशे बारा मेसेज.

ती पहिल्यापासून वाचत गेली. तराजूने आज मीठसुद्धा तोलून घातलं, तरी अळणीच. तराजू हसली, वजन भरलं नाही. मग एका जागी ती थांबली. "तराजूच्या एका पारड्यात मी, दुसरं रिकामं. डॉक्टर म्हणाले, आता कायमचंच." तारीख ती पोटातलं मूल गमावून इस्पितळातून परत आली त्या दिवशीची होती. खाली कप्तानचं उत्तर होतं, "बघ हं, तोल जाईल." उंदीर नावाच्या कुणीतरी विचारलं होतं, "आणखी काय नवीन?"

सगळ्यात शेवटचा मेसेज आजारपणातला. "तराजूला सहाचं काम शिकवलं. मी गेलो तरी बोर्ड चालेल. का करायचं, हे ती विचारणार नाही."

नणंद खांद्यावरून वाचत होती. ती खुदकन हसली. "तराजू! अगं, माझ्या माहेरी आम्ही सगळे हेच म्हणायचो तुला. दादाला नावं ठेवायची भारी हौस."

"तुम्हीसुद्धा, वन्सं?"

"चेष्टा गं. गेलेल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं?"

एवढ्यात लाइन जोडली गेली. कप्तान होता. अक्षरं उमटू लागली. "वहिनी, पेटी चालली का?"

"चालली. सगळ्या फ्लॉप्या भरल्या. एकोणिसावीसुद्धा. ती मात्र आता परत वाचता येणार नाही."

कप्तानची अक्षरं पुन्हा उमटली.

"तिच्यावर रिकामी लिहिलं होतं. मीच त्याला सुचवलं होतं तसं."

"हो. उघडून बघितली."

"पोरकटपणा होता हो तो. यंत्र एकदा बंद करून चालू करा. पेटी कोरी होईल, कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय."

"निदान आज ती खोली फ्लॉपीवर उतरवू नका. माझ्या कॉम्प्युटरवरून माझी सून वाचेल कधीतरी."

तिने सावकाश टाइप केलं, "दुसऱ्या पारड्याच्या मेसेजखाली तुमचं उत्तर आहे. तारीख बघा."

कप्तानने फोन ठेवला.

"बरोबर सांगतोय तो," नणंद म्हणाली. "कर बंद." आणि तिने स्वतःच बटणाकडे हात नेला.

"वन्सं, हात काढा."

आवाज चढला नव्हता, तरी नणंदेने हात मागे घेतला.

औषधालयात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, चुकीची चिठ्ठी लागलेली बाटली ओतून द्यायची नाही. आत काय आहे ते तपासायचं आणि चिठ्ठी बदलायची. तिने कोरी फ्लॉपी घेतली आणि बारीक, सरळ अक्षरात लिहिलं. नववी खोली. घरची बातमी. 'तराजू' असलेले मेसेज ६१२. खाली तारीख आणि सही.

सहाला पाच मिनिटं कमी असताना उंदीर आला. यादी बघून तो थेट नवव्या खोलीत शिरला. एकेक अक्षर उमटत गेलं.

"अरे वा, कप्तानने उघडली वाटतं. तराजूचं काय नवीन?"

एवढा मेसेज टाकून तो निघून गेला. नणंद कपबशी उचलून आत गेली आणि नळ सोडून बसली.

सहा वाजले. तिने तीन बटणं दाबली. फ्लॉपी फिरली आणि थांबली. ती बाहेर काढून तिने ६१२ वर एकच आडवी रेघ मारली, आकडा खालून वाचता येईल अशी. शेजारी उंदराचा मेसेज धरून ६१३ लिहिलं, आणि औषधालयात खाडाखोडीपाशी करायची तशी तिथे पुन्हा सही केली.