उतारावरचे खांब

आत्याच्या उत्तरापुढे युनिसने स्वतःच्या हाताने 'नाही' असं लिहिलं होतं. हिवाळ्यात खाणकंपनीच्या अभ्यासासाठी घरोघर फिरून तिने अशी बत्तीस 'नाही' गोळा केली होती, आणि आता ती सगळी मिळून उत्तर ध्रुवाकडच्या त्या गावाच्या सभागृहात पडद्यावर एक पांढरी जागा होऊन बसली होती.

नकाशा तसा रंगीबेरंगी होता. मासे धरायच्या जागा निळ्या, बेरी खुडायच्या तांबड्या, जुन्या तंबूंच्या पिवळ्या. फक्त नदीच्या वळणावर, जिथून सोन्याच्या खाणीचा रस्ता पूल टाकून पलीकडे जाणार होता, तिथे एकही ठिपका नव्हता.

"बत्तीस वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारला," कंपनीने नेमलेल्या अभ्यासाच्या प्रमुख केंडलबाई दक्षिणेतल्या शहरी माणसांच्या स्वच्छ, घाईच्या स्वरात म्हणाल्या. "या जागी कॅरिबू हरणं नदी ओलांडताना तुम्ही पाहिली आहेत का? बत्तिसांनीही नाही म्हटलं. म्हणजे पुलामुळे हरणांना त्रास होईल, याला काही आधार नाही."

"बत्तीस जण बघायला उभे राहिले असते ना बाई," मागच्या बाकावरून सायलस ओरडला, "तर हरणं तिथून कधी गेलीच नसती!"

सभागृह हसलं. केंडलबाईसुद्धा हसल्या, पण काय विनोद झाला ते त्यांना कळलं नव्हतं.

त्या वळणाला गावातली माणसं नलुक म्हणत, म्हणजे हरणांचा उतार. आणि नलुकचा नेम सगळ्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेला. शरदात कळप खाली उतरला की पुढे चालणाऱ्या जुन्या माद्यांना वाट मोकळी ठेवायची. अलीकडच्या काठावर तंबू ठोकायचा नाही, मांस कापायचं नाही, हाड टाकायचं नाही, उभंही राहायचं नाही. टेकडीआड बसून राहायचं. शिकार करायची ती पलीकडे, कळपाची शेपटी आली की. ज्यांनी नेम मनापासून पाळला, त्यांच्यापैकी एकानेही उतार कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आणि प्रश्न डोळ्यांचा होता.

"आत्या, ऊठ ना," युनिस कुजबुजली. "एवढंच म्हण, पाहिलंय म्हणून."

"कोणी पाहिलंय?"

"तुला माहीत आहे ना, ती तिथूनच जातात?"

"माहीत आहे. पाहिलं नाही." इगुप्ताकआत्याने हातमोजे मांडीवर नीट ठेवले. "न पाहिलेलं पाहिलं म्हटलं, तर हरणं ते ऐकतात, आई."

ती युनिसला आईच म्हणायची. युनिस जन्मली त्या वर्षी आत्याची आई पुतुलिक वारली होती आणि तिचं नाव या पोरीला दिलं होतं; नावाबरोबर नातंही आलं. पंचाहत्तर वर्षांची बाई चाळिशीतल्या भाचीला चारचौघांत आई म्हणते, यात गावाला नवल वाटत नव्हतं.

तरी आत्या उठली. ध्वनिक्षेपक तिने हातात घेतलाच नाही.

"मी त्यांना ऐकलंय," ती म्हणाली. "लहानपणी आई आमची तोंडं तंबूकडे फिरवून बसवायची. पाठीमागून खुरांची टकटक यायची. मग पाण्याचा आवाज. मग बराच वेळ नुसता पाण्याचाच. दर वर्षी ऐकलंय."

पुलाला मंजुरी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी लिहून घेतलं. केंडलबाई हळूच म्हणाल्या, "ऐकण्याचा रकाना आमच्या पद्धतीत नाही."

शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. अभ्यास सुधारायला हवा, हे त्यांना मान्य होतं. नदी गोठायच्या आत गावाने रीतसर दृश्य पुरावा आणावा, मग निर्णय होईल.

"चला," बाहेर पडताना सायलस युनिसला म्हणाला, "आता हरणांकडून सह्या घेऊन या, साहेबीणबाई."

युनिसला ते लागलं. केंडलबाईंच्या पद्धतीचा कागद तिच्या पिशवीत होता. दोन्ही काठांवर दोन दोन लोखंडी खांब, प्रत्येकावर कॅमेरा, आणि जागेवर एक प्रशिक्षित साक्षीदार. गावात प्रशिक्षण फक्त तिचं झालं होतं. ती 'नाही' तिने लिहिली होती, तर ती पुसायचीही तिनेच.

ऑगस्टच्या शेवटी ती आत्याकडे गेली. आत्या बॅनक, म्हणजे तव्यावरची जाड रोटी, भाजत होती.

"मी नलुकवर जाऊ का?"

"मला विचारू नकोस." आत्याने रोटी उलटली. "विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल. आणि आईला नाही कसं म्हणू?"

युनिसने पुन्हा विचारलं नाही. चहा पिऊन ती निघाली.

सायलसने तिला होडीतून नेलं. खांब त्यानेच ठोकले, घणाने, आणि प्रत्येक घावाला मान खाली घालत राहिला. "माझी आजी थडग्यात कूस बदलत असेल," तो म्हणाला. एरवी तो अशा वाक्यानंतर हसला असता. रात्रीपुरताही तो थांबला नाही.

युनिसने जमेल तेवढा नेम सांभाळला. चूल पेटवली नाही. सुकं मांस नि गार चहा. खाली पडलेला कण न् कण उचलून खिशात. तंबूऐवजी एका खडकाच्या आडोशाला ताडपत्री. कागदात लिहिलं होतं तेवढ्या अंतरावर, खांबांपासून पंधरा पावलं, ती अकरा दिवस बसून होती. पाळता आलं नाही ते एकच, की ती तिथे होती.

बाराव्या दिवशी सकाळी टकटक आली.

तिची मान आपोआप फिरली, टेकडीकडे. मग तिने ती जोर करून परत वळवली. साक्षीदाराने बघायला हवं.

पुढे एक म्हातारी मादी होती. कॅरिबूंच्या माद्यांनाही शिंगं असतात; हिचं एक मोडकं. ती पाण्यापाशी आली. तिने खांबाचा वास घेतला. मग मान वर करून सरळ युनिसच्या खडकाकडे पाहिलं. मागे सगळी टेकडी हलत होती. मादी मागच्या पायांवर उभी राहिली, फुरफुरली, आणि वळली. नदीच्या वरच्या अंगाला, धबधब्याकडे. ती उभी राहिली त्या जागी मागून येणारं प्रत्येक हरीण थबकायचं, तिच्या खुरांनी जमिनीवर सोडलेला भीतीचा वास हुंगायचं आणि तिकडेच वळायचं. दुपारपर्यंत हे चाललं. एकाचंही खूर भिजलं नाही.

युनिसला उठून त्यांना अडवावंसं वाटलं, हाका माराव्याशा वाटल्या. पण तिथे ओरडायचं नसतं. ती बसून राहिली आणि कॅमेरे टिपत राहिले.

चार दिवसांनी सायलसला धबधब्याखाली पाडसं मिळाली. सतरा. मोठी हरणं तिथल्या खळाळत्या पाण्यातून पार झाली होती, पाडसं झाली नव्हती.

त्याने ती होडीत घालून गावात आणली. युनिसला तो टोमणा मारेल असं वाटलं होतं. त्याने नुसतं म्हटलं, "अर्धी तुझ्या आत्याकडे टाकतो. कातडी वाया नको जायला."

नोव्हेंबरात आयोगाचा कागद आला. युनिस तो घेऊन आत्याकडे गेली. आत्या जमिनीवर पाय पसरून पाडसाचं कातडं खरवडत होती.

"वाच," ती म्हणाली.

युनिसने वाचलं. पुरावा उत्तम दर्जाचा होता. कळप उताराशी आला, परंतु एकही प्राणी पाण्यात शिरला नाही. कळपाने पर्यायी मार्ग सहज शोधला, त्यावरून पुलाचा परिणाम नगण्य ठरतो. पाडसांच्या मृत्यूचं कारण अनिश्चित, कारण ते कोणी पाहिलेलं नाही. पुलाला मंजुरी. अट एकच : यापुढेही अभ्यास सुधारत राहावा म्हणून चारही खांब आहेत तिथेच कायम राहतील. खाली केंडलबाईंनी युनिसचं नाव घेऊन आभार मानले होते. स्थानिक सहभागाचा आदर्श, असं म्हटलं होतं.

खरवडण्याचा आवाज थांबला नव्हता.

"बोल ना काहीतरी," युनिस म्हणाली. "शिव्या तरी दे."

"आईला कोण शिव्या देतं?"

"मी तुझी आई नाही गं! आई असते तर गेले नसते."

आत्याने हात थांबवला.

"तू खोटं बोलली नाहीस," ती म्हणाली. "होतं ते पाहिलंस, पाहिलं ते सांगितलंस. तुझ्यावर बोल नाही." मग अगदी हळू, "मी पाठ करून बसायचे ना, तेव्हा मला ती दिसायची. नुसत्या आवाजावरून. पाण्यात शिरलेली, नाकं वर, पाडसं आयांच्या बगलेला. लहानपणापासून दिसायची. घरात बसलं तरी. आणि तू मला त्या कॅमेऱ्यातला फोटो दाखवलास. आता डोळे मिटले की ती एकटीच येते, मोडक्या शिंगाची. काठावर उभी राहते. मी किती वेळ थांबते. ती पाण्यात जात नाही."

युनिसने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

आत्याने झालेलं कातडं बाजूला ठेवलं आणि ढिगातलं पुढचं मांडीवर ओढलं. केस दाट होते, मऊ होते. शरदातल्या पाडसाचं कातडं सगळ्यांत चांगलं असतं.

"ये," ती म्हणाली, "ते टोक धर."

युनिसने धरलं.