श्वासाचं माप

वहिनींच्या अंगी नम्रपणा नव्हता आणि तो नाही याचं त्यांना दुःखही नव्हतं. ड्रेस तयार झाला की तो गिऱ्हाइकापुढे सरळ धरणं त्यांना ठाऊकच नव्हतं. आधी तो उलटा करायच्या आणि टेबलावर पसरायच्या. "वरून काय, कुणीही शिवतं. आतून बघा," असं वर ऐकवायच्या. आत खरोखर बघण्यासारखं असायचं. पोटावर घट्ट ताणाच्या कापडाचे दुहेरी तुकडे, कमरेला रुंद पट्टी, छातीखाली मऊ गादी आणि बरगड्यांच्या बाजूने अस्तरात शिवलेल्या लवचीक काड्या. वेगळा पट्टा नको, आतून आणखी काही घट्ट घालायला नको, सगळा बंदोबस्त ड्रेसमध्येच. चेन वर गेली की बाई आरशात स्वतःला बघून आधी समोरून बघायची, मग बाजूने, मग पाठमोरी, मग पुन्हा समोरून. त्या वेळी वहिनींच्या अंगावर जे मूठभर मांस चढायचं, ते मात्र कुठल्याच पट्टीने आत जाणारं नव्हतं.

गिऱ्हाइकं त्यांना वहिनी म्हणत, गिऱ्हाइकांच्या सासवाही वहिनीच म्हणत, आणि नवरा दुकानात आला की तोही गमतीने "वहिनी, चहा टाकू का?" असं विचारी. नवरा बिचारा गरीब स्वभावाचा. बायको घरी टेप गळ्यात घालून जेवायला बसते याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही.

वहिनींची माप घेण्याची एक रीत होती आणि तिच्यावर सगळा धंदा उभा होता. टेप पोटाभोवती आला की जगातली प्रत्येक बाई पोट आत ओढते. लहान ओढते, थोर ओढते, काडीसारखी असते तीही ओढते. त्या मापाने ड्रेस शिवला की तो फक्त श्वास रोखून घालता येतो. "श्वास सोडा" म्हटलं तर बायका आणखी आवळून घेतात. म्हणून वहिनी तसं म्हणतच नसत. टेप नुसता धरून ठेवायच्या आणि सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "सासूबाई काय म्हणतात मग?" एवढं पुरे असायचं. तिसऱ्या वाक्याला बाई तापायची, पाचव्याला पोट आपल्या मूळ जागी यायचं, आणि वहिनी माप टिपून घ्यायच्या. सासू नसेल तिथे जाऊ, जाऊ नसेल तिथे वरच्या मजल्यावरची शेजारीण. ही रीत कधी फसली नव्हती.

सगळे वाखाणत, वाखाणत नव्हती ती फक्त त्यांची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण ती, आणि गायिका. हौसेपुरती गाणारी नव्हे. मोठ्या सभागृहात, लोक दाटीवाटीने बसून ऐकतात तशी. लग्न करून आलेल्या वहिनींनी पहिल्याच वर्षी तिला एक ड्रेस शिवून देते म्हटलं, तेव्हा तिने दुकानातला एक तयार ड्रेस उलटा करून पाहिला आणि हसली. "हे काय गं वहिनी, आत किल्ला आणि बाहेर बाग! हे ज्यांना नुसतं बसून हसायचं असतं त्या बायकांसाठी. मला गायचं असतं." ती हे चेष्टेत बोलली होती. पण वहिनींनी ते मनात जपून ठेवलं होतं, अगदी इस्त्री करून.

मग नणंदेला जुळं झालं. दोन्ही पोरी गुटगुटीत, आणि त्यांनी आईच्या पोटाची पार रया घालवली. दीड वर्ष ती कुठे गायला उभी राहिली नाही. आणि एक दिवस दुपारी ती दुकानात आली, दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सभागृहवाल्यांनी बोलावलंय. मी हो म्हटलंय. वहिनी, मला तुझा किल्ला हवाय."

वहिनींनी कात्री खाली ठेवली. इतक्या वर्षांनी असा दिवस आला की माणसाने जरा भाव खावा की नाही? त्यांनी खाल्ला. "वन्सं, तुम्हाला तर गायचं असतं ना?"

"टोमणे नंतर मार. पोट दिसता कामा नये. लोक म्हणतील, संपली ही."

"तोंड बघ लोकांचं," वहिनी म्हणाल्या आणि टेप काढला. त्या तेवढ्यावरच विरघळल्या होत्या, पण ते दाखवायची गरज नव्हती.

टेप पोटाभोवती आला. नणंदेने पोट ओढलं. वहिनींनी मनातल्या मनात हसून विचारलं, "पोरी रात्री झोपतात का?" नणंद सुरू झाली. एकीला झोप आली की दुसरी जागी होते, दुसरी निजली की पहिलीला भूक लागते, नवरा असा झोपतो की घरावर छप्पर कोसळलं तरी कूस बदलणार नाही. ती हसली, चिडली, नवऱ्याची नक्कल करून झाली. वहिनी थांबल्या, मग आणखी थांबल्या आणि मग माप लिहून घेतलं. टेपवरचा आकडा सुरुवातीला होता तेवढाच राहिला होता. "एवढं काही सुटलेलं नाही गं, उगाच घाबरतेस," त्या म्हणाल्या. जन्मभर बायकांचे श्वास ओळखणाऱ्या वहिनी तिथे साफ फसल्या. समोर गाणारी बाई होती. अर्धा श्वास कोंडून उरलेल्या अर्ध्यावर ती सगळं घरपुराण सांगू शकत होती, आणि तिने ते सांगितलं होतं.

ड्रेस झाला. गडद जांभळा, पायघोळ, खांद्यावरून सरळ उतरणारा. घालून बघायला नणंद मागच्या खोलीत गेली तेव्हा वहिनींनी आरशावरून फडकं फिरवलं. चेन जरा जोर लावूनच वर गेली, पण गेली. आरशातली बाई पाहून नणंदेचे डोळे भरले. "मी आहे ही?"

"आहेसच तू. आता गा."

"इथे कशाला? तिथे गाईनच की."

"इथे गा. माझा ड्रेस आहे, मला बघायचंय."

तिने टाळाटाळ केली. मग एक ओळ घेतली, जुनीच, तिच्या आवडीची. आवाज वर चढला, एका जागी पोचला आणि तिथेच विझला. शिवण उसवली नाही, वहिनींची शिवण उसवत नसे. पण सूर गेला. नणंद पांढरीफटक पडली आणि मग एकदम उसळली. "बघितलंस? माझा गळा दाबला तुझ्या किल्ल्याने! म्हणूनच नको म्हणत होते मी!"

वहिनींना ते लागलं. त्यांनी चेन खाली ओढली, ड्रेस काढून घेतला, नणंदेच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली आणि म्हणाल्या, "आता गा. आता तर काही दाबत नाहीये ना?"

नणंद गायली. आवाज चढला आणि नेमका त्याच जागी विझला.

नणंद कापायच्या टेबलावर बसली, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये, आणि रडायला लागली. तिला माहीत होतं. घरी रोज तसंच होत होतं. "श्वास येतो गं, भरपूर येतो. पण खालून धरायला कुणी नाही. मी हाक मारते आणि पोट येतच नाही. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध दुरावलेत, भरून यायला वेळ लागेल." वादकांशी तिने ठरवून ठेवलं होतं. शेवटच्या गाण्यात तो लांब, उंच सूर लावायची वेळ आली आणि तिने डावा हात वर केला, की त्यांनी तो भाग गाळून सरळ शेवटाकडे वळायचं. लोकांना कळणार नाही. "पण मला कळेल वहिनी. एकदा हात वर केला की पुढे प्रत्येक वेळी वर जाईल."

वहिनींचा राग कुठल्या कुठे गेला. ही पोरगी पोट लपवायला आली नव्हती. तिचा सूर हरवला होता आणि तो आपल्याकडे सापडेल असं तिला वाटलं होतं, एवढाच याचा अर्थ. वहिनींनी डोळे पुसले नाहीत, कारण हातात टेप होता. "ऊठ," त्या म्हणाल्या. "मला खोटं माप दिलंस, चेन अडली तेव्हाच कळायला हवं होतं मला. आता गाताना माप घेणार आहे. पुन्हा गा."

जन्मात त्यांनी गात असलेल्या बाईचं माप घेतलं नव्हतं. टेप बरगड्यांभोवती धरला तर तो हातातून सरकू लागला. पाठ केवढी तरी उघडत होती, बाजूही उघडत होत्या. आणि पुढे बेंबीखाली, जिथे ताठ उभं राहायला हवं, तिथलं पोट सूर चढला की बाहेर ढळत होतं. वहिनींनी टेप टाकून दिला आणि तिथे सरळ आपला तळहात टेकवला. दाबला नाही, नुसता घट्ट टेकवला, खालून वर.

"पुन्हा."

सूर चढला, त्या जागी पोचला, थरथरला आणि उभा राहिला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. श्वास संपला तेव्हा नणंद कुजबुजली, "हात काढू नकोस गं."

"वेडी आहेस. मी काय तिथे तुझ्या पोटाला हात लावून उभी राहणार आहे का?" वहिनी म्हणाल्या. पण डोक्यात कात्री चालायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो जांभळा ड्रेस उसवला. चांगला, निर्दोष, उलटा करून दाखवण्याजोगा ड्रेस. नवरा चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. "अगं, झाला होता ना?"

"चुकला होता," वहिनी म्हणाल्या.

नवऱ्याने कप ठेवला आणि पाय न वाजवता निघून गेला. हा शब्द त्याने बायकोच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता.

सगळं उलटंच करावं लागलं. आजवर त्या कंबर आवळायच्या, बरगड्या बसवायच्या आणि पाठ सपाट करायच्या. आता पाठीतल्या काड्या काढल्या आणि बरगड्यांखाली हवं तेवढं ताणलं जाणारं मऊ कापड घातलं, वरून चुणीत झाकलेलं, म्हणजे बाहेरून काही दिसू नये. सगळी ताकद पुढे, बेंबीखाली आणली. कुल्ह्यांपासून वर चढणाऱ्या दोन पट्ट्या मधोमध एकमेकींवर आणल्या. पट्टी किती घट्ट हवी याचं माप टेपवर नव्हतं. त्या स्वतःचा तळहात पोटावर टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि पुन्हा शिवायला बसायच्या. चार वेळा जमलं नाही, तेव्हा स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी जमलं, पण त्यात नणंद पहिल्या ड्रेसमध्ये दिसली होती तेवढी बारीक दिसणार नव्हती. पोट थोडं दिसणार होतं. वहिनींच्या हातचा एकही ड्रेस आजवर असा बाहेर गेला नव्हता. त्यांनी तो जाऊ दिला.

नणंदेने घालून पाहिला. आरशाकडे तिने ओझरतंच बघितलं. ती नुसती म्हणाली, "हं." आणि गायला तयार होईना. "आता तिथेच. इथे लागला तर मी इथेच खूश होऊन बसेन."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी वहिनी पडद्याच्या आड उभ्या होत्या. सभागृह गच्च भरलं होतं. पडदा ओढणारी बाई तिथे स्टुलावर बसली होती. वयस्क होती आणि फार बोलकी होती. नणंद पहिलं गाणं गायली, दुसरं गायली. लोकांनी टाळ्या दिल्या, पण जपून, माणूस आजारातून उठल्यावर देतात तशा. वहिनींचं लक्ष गाण्याकडे नव्हतंच. त्यांना तिची पाठ दिसत होती आणि चुणीत लपलेलं ते कापड प्रत्येक श्वासाला उघडत होतं, मिटत होतं. ठीक चाललं होतं. पण पुढे बेंबीखाली पट्टी काय करतेय ते त्यांना इथून दिसत नव्हतं.

शेवटचं गाणं आलं. वादकांनी माना वर केल्या आणि तिच्या डाव्या हाताकडे बघायला लागले. हात खाली होता. सूर एकेक पायरी वर निघाला तसा तो हातही हलला, कोपरात दुमडला, वर यायला लागला. "नको गं," वहिनी पुटपुटल्या. "नको गं पोरी."

हात कमरेपर्यंत आला, पुढे वळला आणि पोटावर टेकला. तिथेच राहिला. पाठ रुंद झाली, आणि त्या अवघड जागेवरून तिचा सूर पुढे गेला आणि उभा राहिला. भरलेला, मोकळा, सगळ्यांच्या डोक्यावरून थेट मागच्या भिंतीपर्यंत. वादकांतला एक जण हसला आणि त्याने मान खाली घालून वाजवणं सुरू ठेवलं.

पडदेवाली बाई वहिनींच्या कानाशी आली. "अहो, किती सुंदर ड्रेस आहे हो! कुठे शिवला म्हणायचा?"

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

सूर संपला. सभागृह उठून उभं राहिलं. आता टाळ्यांत कसलीही भीड नव्हती. वहिनींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचंही भान नव्हतं.

"माझी नणंद आहे ती," वहिनी त्या बाईला म्हणाल्या.

"हो का! आणि मग ड्रेस?"

"ड्रेसचं काय घेऊन बसलात!" वहिनी तिच्यावर खेकसल्या. "आवाज ऐकलात का तिचा?"