हरलेला डेक लिहायचा नाही

अनिमेष मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मयूरीने गोष्ट तिरकी सांगितली. तिरकीच सांगणार आहे.

२००७ सालचा मे महिना. जयपूरला, सीतापुऱ्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आमचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. अधूनमधून एखाद्या रविवारी आम्ही पाच जण, म्हणजे अनिमेष, त्याची धाकटी बहीण कीर्ती, गजेंद्र, उमाकांत आणि मी, तिलक नगरात अनिमेषच्या घरी, वरच्या खोलीत, व्हॅम्पायरचे पत्ते खेळायला जमायचो. पत्ते म्हणजे रमी नव्हे. प्रत्येकाने आपला गठ्ठा, म्हणजे डेक, घरून बांधून आणायचा. त्यात रक्त पिणारे व्हॅम्पायर आणि त्यांची कारस्थानं. सगळे गोल बसतात. तुम्ही फक्त डाव्या हाताच्या माणसाचं रक्त प्यायचं, आणि उजव्या हाताचा तुमचं पितो. रक्त म्हणजे जौहरी बाजारातून आणलेले लाल काचेचे मणी. मणी संपले की तुम्ही बाहेर, आणि शेवटी उरेल तो जिंकला.

घर अनिमेषचं, म्हणून स्पर्धाही त्याचीच म्हणायची. त्याचे वडील बँकेत मोठे अधिकारी, पुण्याहून बदलून आलेले. प्रत्येक स्पर्धेनंतर हा निकालाचं विश्लेषण करून दिल्लीच्या संयोजकांना पाठवायचा: कुठला डेक जिंकला, सध्या कशाची चलती आहे, पुढे काय चालेल. टाइप करायची कीर्ती. हा खोलीत येरझाऱ्या घालत मजकूर सांगणार, जसं काही देशाचं बजेटच मांडतोय. इंटरनेटवर लोक त्याला तज्ज्ञ म्हणत. तो मेजावर बसून कधी जिंकला का, हे कुणी विचारत नसे.

त्या वर्षी दिल्लीत देशभरातल्या खेळाडूंची मोठी स्पर्धा होती. प्रत्येक शहराला एक जागा. वर्षाच्या अहवालात ज्याने बांधलेला डेक पुढे असेल, त्याला ती मिळणार. मला ती जागा हवी होती. बाबा रेल्वेत सिग्नलचं काम बघायचे, आम्ही नागपूरचे, आणि आतापर्यंत कुठेही मी कुणाच्या तरी पाठोपाठ आत शिरले होते. एकदा तरी माझं नाव लिहून मला कुणी बोलवावं, एवढीच हौस होती.

अनिमेषने बांधलेल्या डेकचं नाव 'राजवंश'. शेकडो वर्षं जगलेले सरदार व्हॅम्पायर, एकेक पत्ता दुर्मिळ. तो वर्षात दोनदा जिंकला होता, दोन्ही वेळा गजेंद्रच्या हातात, कारण अनिमेष आपल्या डेकची दुसरी प्रत त्याला खेळायला द्यायचा. माझा डेक 'भटके'. इतरांनी नको म्हणून बाजूला टाकलेली चिल्लर पिल्लावळ, कालपरवाच मेलेली आणि जन्मभराची उपाशी. तोही दोनदा जिंकला होता, दोन्ही वेळा माझ्याच हातात.

शेवटच्या स्पर्धेच्या सकाळी कीर्तीने मला वर्षाचा मसुदा दाखवला. राजवंशच्या दोन जिती होत्या. माझ्या दोन्ही खाली तळटीपेत होत्या: 'अपवाद. ट्रेंडमध्ये धरू नयेत.'

माझं डोकंच फिरलं.

"अपवाद काऊन?" मी अनिमेषला विचारलं. रागात माझी नागपूरची भाषा सुटते, 'का'चं 'काऊन' होतं, आणि त्याला तीही ऐकवत नाही.

"काऊन म्हणजे?" तो हसला. "अगं, ट्रेंड मतलब, जे दुसऱ्याच्या हातातही चालतं ते. तुझा डेक दुसरं कुणी खेळतच नाही. मग ते नशीब झालं ना."

"दोनदा नशीब?"

"दोनदाही असू शकतं. ये मैं नहीं, आकडे कह रहे हैं।"

"आकडे कोणाचे? तू फक्त जिंकलेले डेक लिहितोस. राजवंश किती वेळा हरला, ते कुठंय?"

"हरलेला डेक लिहायचा नाही, ही इथली पद्धत आहे," तो म्हणाला. "सगळीकडेच आहे. कचरा कोण मोजतं?"

त्यात खोटं काही नव्हतं. अहवालात फक्त जिंकणारा डेक जायचा. दर वेळी पाचांतले दोघं राजवंश घेऊन बसायचे, तेव्हा तो कधी ना कधी जिंकणारच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अनिमेषला ते कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मग तो पैज लावून मोकळा झाला. आज भटके कीर्तीने खेळायचे. ती जिंकली तर तळटीप काढायची, माझ्या सगळ्या जिती धरायच्या आणि दिल्ली माझी. राजवंश जिंकला तर दिल्ली त्याची. कपाटातली राजवंशची दुसरी प्रत त्याने माझ्यापुढे सरकवली. "तू हा घे. जरा चांगले पत्ते हातात धरून बघ."

राग आला की मी अक्कल गहाण ठेवते. मी डेक घेतला.

बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. मी हरले आणि कीर्ती जिंकली, तर मी दिल्लीला जाणार. मी जिंकले, तर अनिमेष जाणार. माझ्या डाव्या हाताला अनिमेष होता, हातात तोच राजवंश. त्याच्या पुढे गजेंद्र, मग उमाकांत, आणि माझ्या उजवीकडे कीर्ती, माझेच भटके घेऊन माझं रक्त प्यायला टपलेली.

सरदार मेजावर आणायचे तर आपलेच मणी द्यावे लागतात. अनिमेषने नेहमीप्रमाणे एकामागून एक तीन आणले आणि खुर्चीत मागे रेलला. त्याच्यापुढे मूठभर मणी उरले. मी त्याच डेकमधला सगळ्यात किरकोळ सरदार काढला, एकच, आणि लगेच चावायला सुटले.

"हा डेक असा खेळत नाहीत," तो म्हणाला.

"मग हरताना असं बोलतात का?"

त्याचे तिन्ही सरदार गजेंद्रवर धावून थकले होते, आडवं यायला कुणी नव्हतं. सगळ्यांत आधी बाहेर पडला तो अनिमेष. कूलरच्या घरघरीत गजेंद्रचं "अरे, मालिक ही निपट गए!" स्पष्ट ऐकू आलं. मला झालेला आनंद मी लपवला नाही.

पुढे गजेंद्रने उमाकांतला संपवलं, मी गजेंद्रला. उरलो कीर्ती आणि मी. तिच्याकडे माझी पिल्लावळ होती आणि ती पोरगी फार नीट खेळत होती. मला फक्त एकदा आडवं जायचं, म्हणजे तिचा हल्ला अडवायचं, टाळायचं होतं. कुणाला कळलंही नसतं. कीर्ती माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. मी डाव मुद्दाम सोडला असता तर तिचं खेळणं वाया गेलं असतं, आणि मला तो डेक बांधल्याची लाज वाटली असती. मी आडवी गेले. पुढच्याच फेरीत तिचे मणी संपले.

"शाबास!" अनिमेष टाळ्या वाजवत उठला. "बघ. डेक चांगला असला की कुणाच्याही हातात चालतो. कीर्ती, लिही. विजयी, राजवंश."

कीर्ती कॉम्प्युटरवर बसली. तिने तेवढं टाइप केलं.

"आता पुढे लिही," मी म्हणाले. "सगळ्यात आधी बाहेर, राजवंश. पत्ते तेच, मेज तेच, दिवस तोच. एक पहिला आणि एक शेवटचा. फरक हाताचा आहे. म्हणून दोघांचे हात कोणाचे होते तेही लिही."

कीर्तीने वळून भावाकडे बघितलं आणि टाइप करायला लागली. टाइप करता करता मोठ्याने वाचत होती, तिची सवयच होती. "पहिली, मयूरी. शेवटचा, अनिमेष..."

त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबून तो बंदच केला.

"सही करायला लागेल तुला," तो मला म्हणाला. जिंकणाऱ्याच्या सहीशिवाय दिल्लीवाले निकाल धरत नसत. "डेकचं नाव आणि तुझी सही. बाकी काही जाणार नाही."

"हरलेल्याचं नाव गेलं तर सही. नाही तर नाही."

"मयूरी, आज शेवटची तारीख आहे. जयपूरची जागा जाईल."

"जाऊ दे."

तेव्हा त्याचा तोल गेला. "तुम्हा लोकांचं हेच असतं. घरात घेतलं, पत्ते दिले, खायला घातलं, की डोक्यावर बसायला बघता."

"आम्ही लोक कोण?"

"म्हणजे... रेल्वेवाले."

उमाकांतचे वडीलही रेल्वेतच होते आणि तो शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली. अनिमेष एकदा आमच्या घरी आला होता. पुढच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो बघून पाण्याचा पेला तसाच ठेवून निघाला होता. तेव्हा आई म्हणाली, घाईत असेल. मीही तसंच धरून चालले होते. त्या दिवशी मात्र धरून चालायला काही उरलं नाही.

मी भटके उचलले. दारातून म्हणाले, "पुढच्या खेपेला आमच्याकडे, रेल्वे कॉलनीत. कोण येतंय?"

गजेंद्र बुटाची नाडी बांधत बसला. उमाकांतने मोबाइल काढला.

"मी येते," कीर्ती म्हणाली.

"तू कुठेही जाणार नाहीस," अनिमेष म्हणाला.

"येते म्हटलं ना."

ती आली, आणि पुढेही येत राहिली. पण दोघींवर काही स्पर्धा होत नाही, आणि सही न झालेला अहवाल दिल्लीला गेलाच नाही. त्या वर्षी जयपूरहून कुणीच गेलं नाही. मला जाता आलं नाही याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. अनिमेषलाही जाता आलं नाही, याचं मात्र काडीचंही वाईट वाटत नाही.