'अवश्य वाचा'च्या वरचं मुंडकं

मी एक जुनं मुंडकं आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या डाकोटाच्या माळावरच्या एका बायसन गाईचं. हसू नका. अख्खा कळप माझ्या मागे चालायचा. मी वळले की सगळ्या वळायच्या.

तेच आमच्या मुळावर आलं. ऑस्मुंड टेगन नावाचा शिकारी हुशार होता. त्याने पहिली गोळी मलाच घातली. मी पडले, पण माझ्या बाया पळाल्याच नाहीत. मी उठून वाट दाखवीन म्हणून मला हुंगत उभ्या राहिल्या. तो निवांत बसून एकेकीला पाडत गेला. कातडी नेली, मांस कोल्ह्यांना सोडलं. माझ्या डोक्यात भुसा भरला, काचेचे डोळे बसवले आणि खाली पितळी पट्टीवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. गावाने वाहवा केली. पुढे मला वाचनालयात टांगलं. मला कसर लागली, पण कोणी फडकंसुद्धा फिरवलं नाही.

वारा सुटला की जमिनीखाली अजून खूर वाजतात. माझ्या बाया अजून माझी वाट बघत थांबल्यात. मला उठता येत नाही.

मला अक्षर येत नाही. कान मात्र शाबूत आहेत. माझ्याखालच्या फळीवर ‘अवश्य वाचा’ अशी पाटी आहे. तिथे रुझवेल्ट नावाच्या राष्ट्राध्यक्षाची पुस्तकं. त्याने रानं राखली म्हणे. सॉल्वेग नावाची मुलगी तिथेच बसून मोठ्याने वाचते.

परवा ग्रंथपाल गुद्रुन टेगनबाई शिडी आणि पाना घेऊन आल्या.

“हिला अडगळीत टाकते. पोरं घाबरतात.”

“मी नाही घाबरत,” सॉल्वेग म्हणाली. “बाई, या पुस्तकात लिहिलंय, रुझवेल्टही आधी इथे बायसन मारायलाच आला होता. मारलाही. नंतर त्याला उमगलं, किती थोडे उरलेत ते. मग हे पानही फाडायचं का?”

“जीभ फार चालते गं तुझी. आजीवर गेलीस.”

“पट्टीवर तुमचं आडनाव आहे, म्हणून काढताय ना?”

बाई शिडीवर होत्या, अगदी माझ्या नाकासमोर. हातातला पाना थांबला.

“माझे पणजोबा,” त्या हळूच म्हणाल्या. “एका दुपारात अख्खा कळप संपवला. घरी सगळे कौतुकाने सांगायचे. मीही सांगायचे.”

त्यांनी पाना खिशात घातला. बाहीने पट्टी घासली, नाव स्पष्ट दिसेपर्यंत.

“वाच. मोठ्याने.”

सॉल्वेगने नाव वाचलं. जमिनीखालचे खूर थबकले. गेले नाहीत, ऐकत राहिले.

मित्रांनो, ती पुस्तकं जरूर घरी न्या. पण घेताना मान वर करा आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवा. मी तुमच्याकडे बघतच असते.