आईच्या नावाचा रस्ता

दोरवाल्यांच्या घरापुढे जमिनीची एक पट्टी होती. रुंदी दोन हातगाड्या जेमतेम मावतील एवढीच, पण लांबी अशी की या टोकाची हाक त्या टोकाला कुजबुजीसारखी पोचावी. दोर वळायला जागा अशीच लागते. घराकडच्या टोकाला वहिनी चाक फिरवायची आणि दादा कमरेला ताग गुंडाळून, बोटांतून पदर सोडत, उलट पावली मागे मागे जायचा. पट्टी जेवढी लांब, तेवढाच अखंड दोर निघणार. मधे जोड दिलेला दोर कोणी घेत नाही, कारण त्याच्यावर कुणाचा तरी जीव लोंबकळायचा असतो. गावाच्या नकाशात ही पट्टी पिढ्यान्‌पिढ्या ‘दोर वळण्याची जागा’ म्हणून लिहिलेली होती आणि कायद्यानं ती त्याच कामासाठी राखलेली होती.

त्या नावाची लाज वाटायची ती दादाच्या धाकट्या भावाला. त्याचं बाजारात चष्म्यांचं दुकान. बायकोचा भाऊ आला की चारचौघांत हटकून विचारायचा, “काय दाजी, फासाचा दोर अजून तुमच्याच घरून जातो का?” सगळे हसायचे. धाकटाही हसायचा आणि आतल्या आत जळून खाक व्हायचा.

नगरपालिकेनं नवा नकाशा करायला घेतला, लोकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा त्यानं ठरवलं की पट्टीला आईचं नाव द्यायचं. हेतू अगदीच वाईट नव्हता हो. नवरा गेल्यावर त्याच पट्टीवर उलट पावली चालत त्या माउलीनं दोन लेकरं वाढवली होती. पण आपली लाज झाकावी आणि वर पुण्यही पदरात पडावं, असा सौदा माणसाला फार आवडतो. देवाच्या दारातसुद्धा आपण तोच करायला जातो.

नकाशा कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “कामाच्या जागेला माणसाचं नाव देता येत नाही. रस्ता असेल, चौक असेल, तर देता येतं.”

“मग रस्ता दाखवा की. लोक जातात-येतातच तिथून.”

“घरच्यांची हरकत नाही ना?”

“घरचा मीच आहे,” म्हणत धाकट्यानं सही ठोकली. दादाला काय विचारायचं, आयुष्यभर उलटा चालणारा माणूस.

पाटी लागली. दादा तिच्याकडे बघून परत ताग गुंडाळायला लागला; आईच्या नावाला नाही कोण म्हणणार? आई रोज पाटीखाली जुनं पोतं टाकून बसायची. तिला वाचता यायचं नाही, म्हणून दिसेल त्याला थांबवायची. “काय लिहिलंय रे बाळा?” समोरचा वाचून दाखवायचा आणि ती पदरानं तोंड पुसल्यासारखं करत हसू लपवायची.

मग एके दिवशी नगरपालिकेची माणसं आली. सार्वजनिक रस्त्यावर धंदा करायला बंदी आहे म्हणाली आणि वहिनीच्या हातातलं चाक काढून घेऊन गेली. दोघे भाऊ तडक कार्यालयात गेले.

“बाई, तो रस्ता नाही,” दादा म्हणाला. “पुढं आमचं घर आहे. रस्ता म्हणता, तर जातो कुठं?”

बाईंनी टेबलावर नकाशा पसरला. “साहेबांनीही तेच विचारलं. रस्ता मधेच संपतो, हे बरोबर नाही म्हणाले. म्हणून मागच्या मोठ्या सडकेला जोडायचं ठरलंय. ही बघा निळी रेघ.”

रेघ घरातून गेली होती. कुठून, ते धाकट्यानं वाकून पाहिलं. आईच्या खोलीतून.

त्यानं रेघेवर हात ठेवला. “मी नाव मागे घेतो. चूक झाली माझी.”

“नावासाठी अर्ज द्या, लगेच काढू,” बाई समजुतीनं म्हणाल्या. “पण नाव निघालं म्हणून रस्ता निघत नाही. हरकतींची मुदत संपली, नकाशा मंजूर झाला.”

दादानं भावाकडे पाहिलं. “दुकानात एवढे चष्मे आहेत तुझ्या. एखादा घालून यायचास ना सही करायला.”

घराच्या दारात दादा एवढंच म्हणाला, “आईला तू सांगायचंस.”

आई पाटीखाली बसली होती. धाकटा तिच्यासमोर मातीत बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. चाक, रेघ, खोली.

“माझा मान म्हणून केलंस हे?” तिनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिनं मान्य केलं असतं, आईच ती. पण त्याला हो म्हणवेना. “लाज वाटायची, आई. दोराची.”

आई हातावरचे घट्टे चोळत म्हणाली, “तरी म्हटलं, याला मला बसायला खुर्ची आणायचं कधी सुचलं नाही, अख्खा रस्ता कुठून सुचला.” मग पोतं झटकून उठली. “नाव काढायला सांग.”

“त्यानं रस्ता थांबणार नाही, आई.”

“नको थांबू दे. पण माझ्या खोलीवरून जाईल, त्याला माझं नाव नको.”

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज दिला. ते काम मात्र हातोहात झालं. त्याच्यासमोर बाईंनी नकाशावरचं नाव खोडलं, कडेला शिक्का मारला आणि विचारलं, “दुसरं काही नाव सुचवायचंय?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. खाली रस्त्याच्या नुसत्या दोन समांतर रेघा उरल्या होत्या.