लच्छू पहिलवानाचा भाव

मूल गावच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोन माणसं समोरासमोर उकिडवी बसतात, हातांवर दुपट्टा पसरतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात; जितकी बोटं धरली तितका भाव. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. बाईला तर नाहीच, कारण बाईचा हात दुपट्ट्याखाली जात नाही. तिच्या वतीनं दीर, भाऊ, नाहीतर गावातला कुणी पुरुष बसतो. माझे मालक गेल्यावर आमची बैलजोडी अशीच विकली गेली. माझे दीर नानाजी बसले होते. जोडी कितीला गेली हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणे, बाईमाणसाला काय करायचंय!

म्हणून गुणवंतराव दलाल खांद्यावरचा दुपट्टा झटकत माझ्या पानठेल्यापुढे आला, तेव्हाच माझं डोकं तापलं. त्याला बैल नको होता, चित्र हवं होतं.

त्या वर्षी सायाळ छाप बिडीच्या प्रत्येक कट्ट्यात एका पहिलवानाचं रंगीत चित्र निघायचं. पहिलवान एकूण चोवीस. सगळे जमवून कंपनीच्या एजंटाला दाखवणाऱ्याला नवीकोरी सायकल. गिऱ्हाइकं बिडी शिलगावून चित्र फेकून द्यायची आणि माझी नऊ वर्षांची धुरपता ते उचलायची. हळूहळू तिचा नाद मलाही लागला. सुपारी कातरता कातरता मी म्हणायची, "चित्र फेकू नका जी, माह्या पोरीले द्या." संध्याकाळी आम्ही मायलेकी चुरगळलेली चित्रं गरम तांब्याच्या बुडानं सारखी करायचो आणि कोण कुणाला पाडेल यावर भांडायचो. धुरपता नेहमी लच्छूच्या बाजूनं.

लच्छू पोंभुर्ण्याकडच्या रानातल्या गावचा. चित्रं छापली गेली आणि मग त्यानं भर दंगलीत बिडीवाल्या शेठनं पोसलेल्या पहिलवानाला चीत केलं. शेठला ते असं झोंबलं की त्यानं लच्छूचं चित्रच बंद करून टाकलं. सायकलची बोली मात्र चालू ठेवली. आधीच बाहेर पडलेली लच्छूची चार-दोन चित्रं तेवढी राहिली, आणि आमच्या भागात असलेलं एकुलतं एक धुरपताकडे होतं. आमचे बाकीचे बरेच पहिलवान जमायचे होते, ते काही जमणार नव्हते. गुणवंतरावाकडे मात्र सगळे होते, फक्त लच्छू नव्हता. राइस मिलमधल्या मुखरू मिस्त्र्याचंही तेच रडगाणं. आणि एजंट त्या दिवशी बाजार उठेपर्यंतच थांबणार होता.

"इकायचं का?" मी सकाळीच धुरपताला विचारलं होतं.

"इकू. पण भाव मी सांगन. सायकल दीडशेची हाये. लच्छूबिगर त्याईले ते भेटत नाई. मंग अर्धी माही."

पंच्याहत्तर रुपये! मला हसू आलं, आणि मग वाटलं, पोरीचं चुकलं कुठे?

गुणवंतरावानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नानाजीभाऊ, बसा," म्हणाला. नानाजी लगेच बसले. ते आधीच ठेल्याशी येऊन उभे होते; त्यांना तिथे कुणी बोलावलं होतं कोण जाणे. दुपट्टा पसरला गेला, खाली बोटं हलू लागली. माझी पोर वाकून त्या कपड्याकडे पाहत होती, जणू आरपार दिसेल.

"काका किती म्हणून राह्यले, माय?"

तिनं हे विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला त्या पैशांचं तेवढं नव्हतं. पोरीच्या मालाचा भाव पोरीच्या कानावर पडला पाहिजे, एवढंच मला हवं होतं. मी ठेल्यावरून उतरले आणि दुपट्टा ओढून काढला. दोघांची बोटं उघड्यावर पडली. गुणवंतरावाच्या मुठीत नानाजींची दोन बोटं होती.

"दोन रुपये?" मी बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "दीडशेची सायकल दोन रुपयात नेता का जी?"

"वयनी, घराची इज्जत काऊन चव्हाट्यावर आणून राह्यली?" नानाजी उठले.

"इज्जत दुपट्ट्याखाली ठेवली होती का, भाऊजी?"

माणसं जमली. मुखरू गर्दीतून ओरडला, "माहे पंधरा!" गुणवंतराव वीस म्हणाला. मुखरू तीस. गुणवंतराव दात खात चाळीसवर गेला, तसा मुखरू हात झटकून मागे सरला.

"पंच्याहत्तर," धुरपता म्हणाली.

लोक हसले. नानाजी मात्र चित्र हिसकायला पुढे झाले. "चाळीस लई झाले. आन इकडं!"

ठेल्याच्या खांबाला गिऱ्हाइकांना बिडी शिलगावायला जळता काथ्याचा दोर टांगलेला असतो. पोरीनं लच्छूला त्या निखाऱ्यापासून बोटभर अंतरावर धरलं. कागदाचा कोपरा तपकिरी होऊ लागला. माझा जीव टांगणीला लागला, पण मी तिला अडवलं नाही.

"पंच्याहत्तर. नाई तं कोणालेच नाई."

"अवो बाई, पोरीले आवरा!" गुणवंतराव कळवळला.

"तिचं चित्र हाये. तिच्याशी बोला."

त्यानं एजंट बसला होता तिकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं आणि कमरेची पिशवी सोडली. नोटा मोजून नानाजींपुढे धरल्या. सवयच ती! नानाजींचा हातही आपोआप पुढे आला.

"माह्या हातात," धुरपता म्हणाली. "अन् मोठ्यानं मोजा."

दलाल तिच्यापुढे वाकला आणि एकेक नोट ठेवत मोठ्यानं मोजू लागला. शेवटची नोट पडली तेव्हा तिनं चित्र दिलं. द्यायच्या आधी लच्छूकडे एकदा नीट पाहून घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वरच होती.

नानाजी पाय आपटत निघून गेले. जाता जाता म्हणाले, पोरगी हाताबाहेर गेली. जाऊ दे, मला तशीच हवी होती.

पलीकडे, चिंचेखाली, रानातल्या गावची बुधरी आपली गाय विकायला उभी होती. तिच्या वतीनं कुणीतरी बसलं होतं आणि दुपट्ट्याखाली बोटं चालू होती. ती सगळा वेळ आमच्याकडे पाहत होती. आता ती वाकली, दोन्ही हातांनी तो दुपट्टा उचलला आणि घडी करून काखेत मारला.

"गाय माही हाये," बुधरी म्हणाली. "बोला आता."